थारसाठी रॉक स्लायडर: तयार आणावेत की नाशिकमध्येच बनवून घ्यावेत?

कश्यपी:
नमस्कार मंडळी.
माझ्याकडे २०२२ ची थार आहे. डिझेल, हार्डटॉप, फोर बाय फोर. गाडी घेतली त्याच आठवड्यात एका ॲक्सेसरीच्या दुकानातून दोन्ही बाजूंना फुटबोर्ड लावून घेतले. आईचे गुडघे दुखतात, तिला चढायला पायरी हवी, एवढाच विचार तेव्हा केला होता.

गेल्या श्रावणात आईला घेऊन त्र्यंबकच्या पलीकडे, हरिहरच्या बाजूच्या एका वाडीवर मित्राकडे निघालो. कच्च्या रस्त्यात एक ओहोळ आडवा येतो. पाणी जेमतेम घोटाभर होतं, पण गढूळ. बाहेर निघताना डावं मागचं चाक गोट्यावरून घसरलं आणि गाडी त्या अंगाला दाणकन बसली. आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. वर येऊन पाहिलं तर डावा फुटबोर्ड मधोमध वाकून वर दाराला भिडलेला. आई त्याच बाजूला बसली होती आणि दार उघडेना. शेवटी तिला गिअरवरून पाय टाकून माझ्या बाजूने उतरावं लागलं. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून दिसतो.

डेंटरने फुटबोर्ड काढला तेव्हा कळलं की त्याचे ब्रॅकेट चासीला नव्हतेच, दाराखालच्या पत्र्याला होते. दगडाने फुटबोर्ड वर रेटला, फुटबोर्डाने ब्रॅकेट रेटले आणि ब्रॅकेटने पत्रा आत चेपला. म्हणजे जे लावलं होतं त्यानेच नुकसान वाढवलं.

आता खरे रॉक स्लायडर लावायचे आहेत, म्हणजे दाराखाली लावायचे, दगडावर टेकले तरी गाडीचं वजन पेलणारे जाड पाइप. तयार किट बोल्टवर बसणारे मिळतात. एक फॅब्रिकेटर म्हणतो चासीला वेल्ड मारून देतो, आयुष्यभर बघायला नको. पाइप कोणता, किती जाड, वेल्ड की बोल्ट, आणि आईसाठी पायरी म्हणून चालतील का? ज्यांनी स्वतःच्या गाडीला लावलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुनी_जीप:
कश्यपीदादा, आईंना लागलं नाही हे महत्त्वाचं.

मी पंचवीस वर्षं जीप चालवतोय, त्यातली बरीचशी इगतपुरी, घोटी, वैतरणा या पट्ट्यात. तुमच्या प्रश्नांच्या आधी एक काम करा. स्लायडर कुठलाही असो, दुकानात तो उलटा करून बघा आणि विचारा की याचे पाय, म्हणजे पाइप गाडीला धरणारे आडवे आधार, कुठे टेकणार. चासीवर टेकणार असतील तर पुढचं बोलणं. पत्र्यावर टेकणार असतील तर कितीही जाड असला, कितीही महाग असला तरी तो फुटबोर्डच. फुटबोर्ड माणसाचं वजन घ्यायला असतो आणि स्लायडर गाडीचं. सत्तर किलो आणि हजार किलो यांतला हा फरक आहे.

थार, गुरखा, जिम्नी, स्कॉर्पिओ या सगळ्या शिडीसारख्या चासीवरच्या गाड्या. खाली पोलादी शिडी, वर बॉडी, आणि दोघांच्या मध्ये रबराचे माउंट. खडबडीत रस्त्यावर बॉडी त्या रबरांवर हलते, चासी वेगळी पिळवटते. म्हणून स्लायडर चासीला धरलेला हवा आणि बॉडीला त्याचा कुठेही स्पर्श नको. काही जण पाय चासीला देतात आणि वरून आधार म्हणून दोन बोल्ट पत्र्यालाही मारतात. ते अजिबात करू नका. महिन्या-दोन महिन्यांत कुरकुर सुरू होते आणि मग पत्र्याला भेगा जातात.

स्लायडर आणि दाराखालचा पत्रा यांत निदान २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. मार बसला की स्लायडर थोडा वाकणारच. त्याला वाकायला जागा असली तर दार वाचतं.

अंजनेरीकर:
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

आपल्या भागात दहापैकी नऊ गाड्यांना स्लायडरची गरज नाही. ओहोळात उतरण्याआधी चालत जाऊन पाय टाकून पाहिलं असतं, एक माणूस पुढे उभा राहून चाकाची वाट दाखवत असता, टायरची हवा थोडी कमी केलेली असती, तर ही वेळ आली नसती. लोखंड लावलं की माणसाचा हात सैल होतो. "लागलं तर लागलं, खाली पाइप आहे" असं म्हणून लोक नको तिथे गाडी घालतात.

दुसरं, जास्त कळकळीचं. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिकासारखी वनस्पती वाढते, तिचं नावच या डोंगरावरून पडलं आहे. खोरीपाड्याच्या बाजूला गिधाडं आहेत. पावसाळ्यात सड्यावर एकदा चाक फिरलं की तिथली मातीची पातळ साय निघून जाते आणि खाली कातळ उघडा पडतो. भातखाचरांचे बांधही तसेच. स्लायडर लावा, पण वहिवाटीच्या रस्त्यावरच चालवा. वनजमिनीत परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी घालू नये.

कश्यपी:
अंजनेरीकर, राग कसला. तुमचं पहिलं म्हणणं मला लागू पडतं. मी उतरून पाहिलं नव्हतं. आई सोबत, पाऊस सुरू, म्हणून घाई केली. पण तो वाडीचा रोजचा रस्ता आहे, दुसरा रस्ताच नाही, आणि मित्राची आई आजारी असल्यामुळे आमचं जाणं-येणं सुरू राहणार. म्हणून संरक्षण हवंय.

जुनी_जीप:
अंजनेरीकरांचं रानाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण गरज नाही हे मान्य नाही. आपल्याकडचा दगड बघा. सगळा दख्खनचा काळा पाषाण. ओढ्यात तो गोल गोटा होतो, चाकाखाली फिरतो आणि गाडी आडवी सरकवतो. चढावर त्याच कातळाच्या पायऱ्या असतात, धारदार कडांच्या. पुढची चाकं पायरीवरून उतरली की गाडीचं पोट आणि दाराखालचा पत्रा नेमका त्या कडेवर येतो. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४५० मिलिमीटर. पोट न टेकता पार होणाऱ्या उंचवट्याचा कोन २७ अंशांचा, पुढचा बंपर न टेकता चढता येणारा मात्र जवळपास ४२. पुढचा बंपर आरामात निघतो त्या पायरीवर मधला भाग अडकतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात हे काहीच दिसत नाही. चांगल्या चालकालाही नाही.

थार रॉक्सवाल्यांनी, म्हणजे पाच दारांच्या लांब थारवाल्यांनी, तर याकडे जास्तच लक्ष द्यावं. तिचा व्हीलबेस २८५० आहे, म्हणजे थारपेक्षा ४०० मिलिमीटर जास्त लांबीचं पोट उघडं.

ताम्हण:
मी मेकॅनिकलचा माणूस आहे, त्यामुळे थोडी आकडेमोड.

आपल्याकडे बहुतेक फॅब्रिकेटर ज्याला दीड इंची पाइप म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. पाइपांच्या भारतीय मानकात, आयएस १२३९ मध्ये, त्याचे तीन वर्ग आहेत: हलका २.९ मिलिमीटर जाडीचा, मध्यम ३.२ आणि जड ४.० मिलिमीटर. बाजारात यालाच ए, बी, सी क्लास म्हणतात. वजन मीटरला बी क्लासचं ३.५६ किलो, सी क्लासचं ४.३७ किलो.

थारच्या एका बाजूला बाहेरचा पाइप दीड-पावणेदोन मीटर, त्याला समांतर गाडीकडचा आतला दीड मीटर, चार पाय मिळून एक मीटर, असे साधारण ४.१ मीटर धरा. सी क्लासचे झाले १८ किलो, वर ६ मिलिमीटरच्या चार प्लेटा मिळून तीनेक किलो. एका बाजूला २१, दोन्ही मिळून ४२ किलो. हेच बी क्लासमध्ये केलं तर ३५ किलो. फक्त ७ किलो वाचवण्यासाठी पातळ पाइप घेऊ नका. दगडाची टोकदार कड पाइपाच्या एकाच बिंदूवर बसते, तिथे खड्डा पडणं न पडणं भिंतीच्या जाडीवर ठरतं.

आता पायांचं गणित, कारण मोडतो तो पाय. माणसं-सामान धरून थार दोन टनांच्या आसपास. एका बाजूला निम्मं, म्हणजे हजार किलो. हे सगळं वजन एकाच पायावर आलं आणि तो पाय चासीपासून १५० मिलिमीटर बाहेर असला तर मुळाशी जवळपास १४७० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. सी क्लासच्या दीड इंची पाइपात त्याने साधारण २५८ मेगापास्कल ताण तयार होतो. या पाइपाचं पोलाद २४० मेगापास्कलपर्यंत तग धरणारं धरलं तरी ते वाकायला लागतं. आणि हे गाडी हळूच टेकवली तर. दाणकन आदळली तर याच्या कितीतरी जास्त. म्हणून प्रत्येक बाजूला किमान तीन पाय, जमलं तर चार, आणि दोन पायांना तरी एकत्र भार घेता येईल असा आतला लांब पाइप.

पाय गोल पाइपाऐवजी ८० बाय ४० च्या चौकोनी नळीचे, ४ मिलिमीटर जाडीचे, ८० ची बाजू उभी ठेवून लावून घ्या. वाकण्याला विरोध उंचीने वाढतो, त्यामुळे वजन थोडं वाढून ताकद खूप मिळते.

बाहेरच्या पाइपातही हाच हिशोब. दोन इंची म्हणजे ६०.३ मिलिमीटर व्यासाचा, ३.६ जाडीचा पाइप घेतला तर मीटरला ५.०३ किलो. सी क्लासच्या दीड इंचीपेक्षा वजन १५ टक्के जास्त, वाकण्याची ताकद मात्र दीडपट. तोटा इतकाच की तो १२ मिलिमीटर जास्त जागा खातो. तो खाली लोंबला तर जी उंची वाचवायची तीच आपण घालवली. पाइपाचा तळ चासीच्या तळापेक्षा खाली जाऊ देऊ नका.

सातपूरची_ठिणगी:
आमचं सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. गाड्यांचं काम कमी करतो, पण पाइप आणि वेल्डिंग रोजचंच. ताम्हणदादांनी सांगितलेलं बरोबर आहे. बाजारात पाइप घ्यायला स्वतः जाल तेव्हा काय बघायचं ते सांगते.

पाइपावर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे ए क्लास, निळा बी, लाल सी. दुकानदार तोंडाने सी म्हणेल, तुम्ही लाल पट्टा बघा आणि व्हर्नियर लावून जाडी मोजा. भंगारातला किंवा जुना पाणीपुरवठ्याचा पाइप घेऊ नका, आतून गंजून पातळ झालेला असतो आणि बाहेरून कळत नाही. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइपही नको. वेल्ड करताना जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो, ताप भरतो, आणि वेल्डमध्ये भोकं राहतात.

वाक देताना पाइप चेपता कामा नये. चेपला तर तिथली ताकद गेलीच. बेंडिंग मशीनवर मोठ्या गोलाईत वाकवून घ्या. काही जण पाइपाला व्ही आकाराचे काप मारतात आणि वाकवून वेल्ड भरतात. रेलिंगला चालतं, स्लायडरला नाही.

दोन्ही टोकं प्लेटने पूर्ण बंद हवीत. नुसती प्लास्टिकची टोपी बसवली तर पहिल्याच पावसात चिखल आत जातो आणि पाइप आतून गंजतो. पाय जिथे बाहेरच्या पाइपाला मिळतो तिथे पायाच्या टोकाला त्या पाइपाच्या गोलाईची खाच करून घ्यावी लागते, फट राहिली आणि ती वेल्डने भरली तर तो जोड आधी तुटतो. मिगने, म्हणजे आपोआप तार पुरवणाऱ्या वेल्डिंग मशीनने, केलेलं काम स्वच्छ दिसतं, पण दिसण्यावर जाऊ नका. आर्कने ७०१८ च्या कोरड्या रॉडने चांगल्या हाताने मारलेला वेल्ड तितकाच भक्कम असतो. वेल्डर कोण आहे ते आधी बघा.

रंगाचं म्हणाल तर पावडर कोटिंग दिसतं सुंदर, पण स्लायडर हा घासण्यासाठीच असतो. दगडाने ते कोटिंग ढलपीसारखं उचकटतं आणि त्याच्या खाली पाणी शिरून गंज पसरतो. मी तर चांगला प्रायमर आणि वर साधा काळा रंग सांगेन. दर उतरत्या पावसाळ्यात घासून पुन्हा हात मारला की झालं.

दारणाकाठ:
वेल्डबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण कश्यपीदादांना कोणी चासीला वेल्ड मारायला सांगतंय.

माझ्या आधीच्या गाडीला मी तसं करून घेतलं होतं. बॅटरीची तार न काढता वेल्डिंग केलं. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर दिवे लागले, गाडी दोनदा रस्त्यात बंद पडली. कारण शोधायला पंधरा दिवस गेले. पुढच्या वर्षी सर्व्हिसला गाडी वर घेतली तर पायाच्या प्लेटभोवती चासीवर गंजाची रेघ. आतल्या बाजूचा रंग वेल्डच्या उष्णतेने जळला होता, तिथे ब्रश पोचतच नाही. आणि प्लेटच्या उभ्या कडेवर, चासीला आडवा मारलेला वेल्ड होता तिथून बारीक चीर सुरू झाली होती. स्लायडरसाठी चासी गमावायची वेळ आली होती.

वेल्ड वाईट असं म्हणणार नाही. नुसत्या दगडांवरच्या स्पर्धेच्या गाड्यांना तोच करतात. पण घरच्या गाडीला, जिची वॉरंटी आहे आणि जी उद्या विकायची आहे, तिला बोल्टच. ज्याला वेल्डच करायचा आहे त्याने निदान बॅटरी सोडावी, ईसीयूचे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे, कनेक्टर काढावेत, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावावा आणि चासीच्या आतल्या रंगाची व्यवस्था आधी करावी.

ताम्हण:
दारणाकाठ यांनी चिरेचं सांगितलं ते फार मोलाचं. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सर्वांत जास्त ताण असतो, उभ्या भिंतीच्या मध्यावर सर्वांत कमी. म्हणून वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडू नये आणि तिथे आडवा वेल्डही मारू नये. कंपनीने ठेवलेली भोकं उभ्या भिंतीत असतात, तीच वापरा.

बोल्टवाल्यांसाठी एक खबरदारी. चासी बंद पेटीसारखी असते. आरपार बोल्ट घालून आवळला की दोन्ही भिंती आत दबतात आणि बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतो. आत बरोबर मापाची पोलादी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवा. बोल्ट १२ मिलिमीटरचे, ताकदीच्या १०.९ ग्रेडचे, नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. चासीला लागणारी प्लेट जितकी मोठी तितका भार पसरतो, १०० बाय १५० पेक्षा लहान नको.

घोटीकर:
इन्शुरन्स आणि आरटीओचं काय? कुणीच बोललं नाही.

जुनी_जीप:
बरोबर आठवण केलीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सांगताना स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बसत नाहीत असे बदल करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. बुल बारविरुद्ध, म्हणजे पुढच्या बंपरवरच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध, केंद्राचं पत्र तर डिसेंबर २०१७ पासूनच आहे. बुल बार पुढून पादचाऱ्याला लागतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो.

स्लायडर दाराखाली, आत असतो, त्याची जात वेगळी. तरी तो टायरच्या किंवा फेंडरच्या रेषेबाहेर आलेला नसावा. रस्त्याने जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या पायाला लागेल असं काही माझ्या गाडीला मी लावणार नाही. काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि आरटीओत विचारून घ्या. बोल्टचा हाही फायदा, गरज पडली तर अर्ध्या तासात निघतो.

कश्यपी:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी जुनी_जीप यांच्या सांगण्याप्रमाणे पाय कुठे टेकतील ते बघायला पार्किंगमध्ये सतरंजी टाकून दोन तास गाडीखाली होतो. आधीच करायला हवं होतं, गाडीची ओळखच नव्हती.

२५५/६५ आर १८ चे टायर आहेत. दोन टायरांच्या मधली मोकळी जागा मोजली तर १६६० मिलिमीटर भरली. दोन्ही टोकांना चिखल आणि चाकाच्या हालचालीसाठी जागा सोडली तर १५०० चा स्लायडर बसेल. चासीच्या उभ्या भिंतीत कंपनीची भोकं आहेत, पण बॉडी माउंटचे बाहेर आलेले हात नेमके मध्ये येतात. तयार किटचा फोटो त्यावर ताडून पाहिला, एक पाय माउंटला घासेल असं वाटतंय. एका बाजूला ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप आणि वायरिंग चासीला लागूनच जातं, तिथे प्लेट टेकवताना फार जपावं लागेल.

म्हणून नाशिकमध्येच बनवून घ्यायचं ठरवतोय. बोल्टवर, चार पाय, सी क्लास. आता आईच्या पायरीचं सांगा. सगळे व्हिडिओ बघतोय त्यात स्लायडर वर तिरके असतात.

सातपूरची_ठिणगी:
१५ ते २० अंश वर तिरके ठेवतात कारण त्याने खालची उंची वाचते. पण तिरक्या गोल ओल्या पाइपावर आईंचा पाय ठरणार नाही. तुमच्या घरासाठी आडवे, जमिनीला समांतर करा. आतला आणि बाहेरचा पाइप यांच्यामध्ये ३ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट, म्हणजे उंचवटे असलेला न घसरणारा पत्रा, टाका, पुढच्या दाराजवळ निदान फूटभर. प्लेटला भोकं ठेवा म्हणजे चिखल खाली पडेल. पूर्ण लांबीभर प्लेट टाकू नका, बारीक दगड आत अडकून बसतात आणि पत्र्याला घासतात.

बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा सगळीकडे सारखा बाहेर ठेवू नका. मागच्या टोकाला ५०-६० मिलिमीटर बाहेर झुकवा. वळताना मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, त्यामुळे झाड किंवा दगड मागच्या पत्र्याला लागतो. तो झुकाव गाडीला ढकलून बाजूला काढतो. फक्त टायरच्या रेषेत राहू द्या.

आणि आधी पुठ्ठ्याचे साचे करा. चारही पायांच्या प्लेटा पुठ्ठ्यात कापून गाडीखाली धरून बघा, मगच पोलाद कापायला द्या. आमच्याकडे मोठी कामंसुद्धा अशीच होतात.

अंजनेरीकर:
मी आधी विरोधात लिहिलं होतं. आईंना पायरी मिळणार आणि वाडीच्या रस्त्याला उपयोग होणार असेल तर करा. उतरून पाणी बघायचं मात्र सोडू नका.

कश्यपी:
जवळपास दीड महिन्याने लिहितोय. काम झालं.

पुठ्ठ्याचे साचे तीनदा बदलावे लागले. दुसऱ्या साच्यात मागची प्लेट ब्रेकच्या पाइपाला टेकत होती, ते पोलादात कळलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. बाहेरचा पाइप ४८.३ चाच ठेवला, लाल पट्ट्याचा, व्हर्नियरने मोजून. पाय ८० बाय ४० चे उभे. प्लेटा १६० बाय १२०, ६ मिलिमीटर. स्लीव्ह लेथवर करून घेतल्या. पत्र्यापासून २४ मिलिमीटर अंतर. दोन्ही बाजू वजनकाट्यावर ठेवल्या, मिळून ४६ किलो.

बसवल्यावर फॅब्रिकेटरच्या अंगणात परीक्षा घेतली. तीन चाकांना ओंडके लावले, डाव्या स्लायडरच्या बरोबर मध्याखाली ट्रॉली जॅक लावला आणि त्या बाजूची दोन्ही चाकं हलकी होईपर्यंत उचललं. शेजारी स्टँड ठेवले होते, गाडीखाली कोणालाही जाऊ दिलं नाही. स्लायडर आणि पत्र्यातलं अंतर आधी २४ होतं, उचलल्यावर २१. खाली सोडल्यावर पुन्हा २४. तेवढं पाहिलं आणि जिवात जीव आला.

आई पहिल्यांदा चढली तेव्हा एक हात दाराच्या दांडीला आणि पाय प्लेटवर, कुणाचाही आधार न घेता. "ही हलत नाही रे," एवढंच म्हणाली. जुना फुटबोर्ड तिने पाय ठेवला की थोडा दबायचा.

ताम्हण:
३ मिलिमीटर आणि परत शून्य, म्हणजे सगळं लवचीक मर्यादेत राहिलं. उत्तम. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळा, प्लेट आणि चासीमधला रंग दबतो आणि बोल्ट थोडे सैल होतात. प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारून ठेवा, फिरला तर लगेच दिसेल.

सह्यमावळ:
माझी जिम्नी आहे, पाच दारांची. हेच मोजमाप चालेल का?

जुनी_जीप:
मोजमाप नाही चालणार, पद्धत चालेल. जिम्नी १२०० किलोच्या आसपास आहे, त्यामुळे दीड इंची बी क्लासमध्येही काम भागेल. पण तिचा व्हीलबेस २५९० आणि जमिनीपासूनची उंची २१०, म्हणजे मधला भाग थारपेक्षा लवकर टेकतो. पाइप जितका वर नेता येईल तितका न्या. सतरंजी घ्या आणि आधी गाडीखाली जा.

आणि डस्टरसारख्या गाडीवाल्यांनी हे वाचून घाई करू नये. तिथे वेगळी चासीच नाही, बॉडी हीच रचना. पाय टेकवायला शिडी नसेल तर या पद्धतीचा स्लायडर तिथे बसत नाही.

कश्यपी:
५०० किलोमीटर झाले. काल सकाळी त्याच वाडीवर जाऊन आलो. ओहोळाशी उतरलो, काठी घेऊन पाण्यातून दोनदा पलीकडे गेलो, गोटे कुठे आहेत ते पाहिलं, मित्राला पुढे उभं केलं. फोर लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी फळी), पहिल्या गिअरात, एकदाही न टेकता निघालो.

आल्यावर बोल्ट तपासले. सोळापैकी दोघांच्या रेघा किंचित सरकल्या होत्या, डावीकडच्या मागच्या पायाच्या. आवळले, नव्या रेघा मारल्या. सह्यमावळ, पुठ्ठ्याचे साचे मी जपून ठेवलेत. प्लेटचा आकार बघायला हवे असतील तर सांगा, गंगापूर रोडला येऊन घेऊन जा.